खाडा परवडत नाही म्हणून किती सोसायचे? पाळीच्या तीव्र दुखण्याविषयी थोडे स्पष्ट बोलू

घरकाम करणाऱ्या बायांच्या तोंडी एक शब्द कायम असतो : खाडा. खाडा झाला की पैसे कापले जातात, खाडे वाढले की काम जाते. कोपर, दिवा, डोंबिवली पश्चिम या पट्ट्यातील महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या बैठकांत आम्ही आरोग्यावर बोलतो. पाळीच्या दुखण्याचा विषय निघाला की पहिले वाक्य हमखास येते, "दुखते हो ताई, पण खाडा कसा करणार?" आणि दुसरे वाक्य त्याहून जड असते, "बाईच्या जन्माला हे असायचेच."

ही दोन वाक्ये खोडून काढण्यासाठी हा लेख आहे. पहिले वाक्य पैशाचे आहे, त्याला उत्तर कामाच्या जागी आणि कायद्यात शोधावे लागेल. दुसरे वाक्य मात्र चुकीचे आहे. पाळीत थोडे दुखणे अनेकींना होते. पण दर महिन्याला अंथरुणाला खिळवणारे, उलट्या करायला लावणारे, शाळा आणि काम बुडवणारे दुखणे "असायचेच" नसते. त्याला कारण असते आणि बहुतेक वेळा त्यावर उपाय असतो.

विटाळ गेला, सोसणे राहिले

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या कित्येक घरांतून 'बाजूला बसणे' हळूहळू गेले. पाळीतली बाई चुलीजवळ जाते, वंदनेला बसते, विहारात येते. शेजारच्या घरांत "कावळा शिवला" म्हणून मुलगी कोपऱ्यात बसत असताना आपल्या घरात ती मोकळी वावरते, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

पण विटाळ गेला म्हणून गप्प राहण्याची सवय गेली नाही. मुलगी पोट धरून बसली की आजी म्हणते, "आम्ही शेतात राबलो, कधी बोललो नाही." आई म्हणते, "लग्न झाले की थांबेल." वडील आणि भाऊ विषय निघताच बाहेर जातात. औषधाच्या दुकानात चिठ्ठी न दाखवता गोळी मागितली जाते आणि ती काळ्या पिशवीतून घरी येते. ज्या गोष्टीत अपवित्र काही नाही असे आपण मानतो, तिच्याविषयी बोलायला मग लाज कशाची?

दुखते कशामुळे?

पाळी सुरू होताना गर्भाशयाचे आतले अस्तर सुटते. त्या वेळी अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आवळतात, आवळताना त्यांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि कळ येते. ही द्रव्ये जास्त प्रमाणात तयार झाली की कळ जास्त. तीच रक्तातून इतरत्र पोहोचतात, म्हणून कोणाला मळमळते, कोणाला जुलाब होतात, कोणाचे डोके दुखते. हे 'नाटक' नाही, शरीरात घडणारी रासायनिक क्रिया आहे.

असे साधे दुखणे साधारणपणे पाळी सुरू झाल्यावर वर्ष-दोन वर्षांत चालू होते, पहिले दोन-तीन दिवस राहते, आणि योग्य वेळी घेतलेल्या साध्या गोळीने व शेकाने आटोक्यात येते.

दुसऱ्या प्रकारच्या दुखण्यामागे आजार असतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे बीजकोशावर, आतड्याजवळ, मूत्राशयाजवळ वाढतात. पाळीच्या चक्राबरोबर तिथेही सूज येते आणि हळूहळू अवयव एकमेकांना चिकटू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात साधारण १९ कोटी स्त्रियांना आणि मुलींना हा आजार आहे. तरीही निदान व्हायला अनेकदा कित्येक वर्षे जातात, कारण घर, शाळा आणि कधी दवाखानाही "असायचेच" म्हणून परत पाठवतो. याशिवाय अशाच पेशी गर्भाशयाच्या स्नायूत शिरणे (ॲडेनोमायोसिस), गाठी (फायब्रॉइड), ओटीपोटातील जंतुसंसर्ग हीही कारणे असतात. आपल्या देशात गर्भाशय-बीजवाहिन्यांचा क्षयरोग हेही एक कारण आहे. क्षय म्हणजे फक्त खोकला असे आपण समजतो, पण तो ओटीपोटातही होतो, आणि सरकारी कार्यक्रमात त्याचे औषध मोफत मिळते.

ओटीपोटाचे दुखणे सहा महिन्यांहून अधिक रेंगाळले की आणखी एक गोष्ट घडते. ओटीपोटाचे स्नायू सतत आखडलेले राहतात आणि नसा अधिक संवेदनशील होतात. मग पाळी नसतानाही दुखते, थोड्या कारणानेही खूप दुखते. म्हणून सोसत राहण्याने दुखणे 'अंगवळणी' पडत नाही, उलट मुरते.

कोणती लक्षणे घरी बसून पाहायची नाहीत?

पुढीलपैकी काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे :

– दर महिन्याला दुखणे वाढत आहे, किंवा आधी न दुखणारी पाळी पंचविशी-तिशीनंतर दुखू लागली आहे.
– पाळी नसतानाही ओटीपोट, कंबर किंवा मांड्या दुखतात.
– शौचाला, लघवीला किंवा संबंधाच्या वेळी दुखते.
– तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजतो, मोठ्या गुठळ्या पडतात, किंवा रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालतो.
– गोळी घेऊनही काम किंवा शाळा बुडते.
– गर्भ राहण्यास अडचण येत आहे.

आणि ही लक्षणे असतील तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे : अचानक असह्य कळ, चक्कर येऊन पडणे, ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव, किंवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोराची कळ. शेवटचे लक्षण गर्भ नळीत राहिल्याचे असू शकते आणि त्यात जिवाला धोका असतो.

रोजचा दिवस कसा काढायचा?

डॉक्टरांचे उपचार चालू असोत वा नसोत, सकाळी उठून डबा भरायचा असतो आणि लोकल पकडायची असते. त्या दिवसासाठी काही गोष्टी खरोखर उपयोगी पडतात.

गोळीची वेळ. बहुतेकजणी कळ असह्य झाल्यावर गोळी घेतात. तोवर प्रोस्टाग्लँडिन तयार होऊन गेलेले असते. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडसारख्या गोळ्या ते तयार होणेच कमी करतात. म्हणून पाळी सुरू होताच किंवा कळेची चाहूल लागताच, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, पोटात काही खाऊन, पहिले एक-दोन दिवस ठरलेल्या अंतराने घेतल्या तर जास्त गुण येतो. "गोळीने मूल होत नाही" ही भीती निराधार आहे. महिन्यातून दोन-तीन दिवस योग्य प्रमाणात घेतल्याने वंध्यत्व येत नाही. मात्र पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा असेल किंवा गर्भ राहिल्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊ नयेत. या प्रकारच्या दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत. मेफेनॅमिक ॲसिडबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस इशारा दिला होता, कारण क्वचित एखाद्या व्यक्तीला तीव्र ॲलर्जी होऊ शकते. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणे असे झाले तर गोळी बंद करून लगेच डॉक्टरांकडे जावे. जन औषधी केंद्रात या औषधांचे जेनेरिक प्रकार स्वस्तात मिळतात.

शेक. रबराची पिशवी टॉवेलात गुंडाळून ओटीपोटावर किंवा कंबरेवर पंधरा-वीस मिनिटे. हा आजीचा उपाय वैद्यकीय अभ्यासातही टिकला आहे. पिशवी नसेल तर तव्यावर गरम केलेली कापडाची घडी चालते. त्वचेला सोसेल इतकेच गरम असावे आणि पिशवी लावून झोपी जाऊ नये.

हालचाल आणि श्वास. पाळी नसलेल्या दिवसांत रोज अर्धा तास चालणे, पोट आणि कंबर सैल करणारे साधे व्यायाम यांनी पुढच्या महिन्यातील दुखणे कमी होऊ शकते. कळ आलेली असताना कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, पोट फुगवत सावकाश श्वास घ्यावा आणि सोडताना ओटीपोट, जबडा, खांदे सैल सोडावेत. विहारात आनापान शिकलेल्या बायांना हे लगेच जमते.

लघवी आणि पाणी. कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नाही, गाडीत सोय नाही, म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या कितीतरी बाया आम्हाला भेटतात. लघवी तुंबवण्याने आणि कमी पाण्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, बद्धकोष्ठता वाढते, आणि दोन्हींमुळे ओटीपोट आणखी दुखते. जिथे सोय आहे ती जागा हेरून ठेवावी आणि पाणी थोडे थोडे का होईना प्यावे.

प्रवास. कोपरला फक्त धिम्या गाड्या थांबतात. वसई-दिवा मार्गावरून वरच्या फलाटावर उतरून खालच्या मुख्य मार्गावर यायचे तर जिने आहेत. या दोन दिवसांत जमेल तर एक गाडी आधीची धरावी. पिशवीत गोळी, बिस्किटाचा पुडा, जास्तीचा पॅड, एक गडद ओढणी आणि पाण्याची बाटली कायम असावी. उभ्याने चक्कर येत असेल तर बसलेल्या बाईला सरळ सांगावे, "पाळीची कळ आली आहे, थोडे बसू द्या." महिलांच्या डब्यात हे वाक्य न समजणारी कोणी नसते.

जेवण. "आंबट खाल्ले, थंड प्याले म्हणून दुखते" याला आधार नाही. दुर्लक्ष होते ते रक्ताकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जास्त स्राव जाणाऱ्या बाईने हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबू पिळलेल्या जेवणाबरोबर घ्यावी.

आणखी एक सूचना. लग्नकार्य, ६ डिसेंबरची चैत्यभूमी किंवा लांबचा प्रवास आला की पाळी पुढे ढकलण्याची गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेतली जाते. हे संप्रेरकाचे औषध आहे. पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या, यकृताचा विकार असलेल्या बाईला ते धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

दिनदर्शिकेवर चार खुणा

डॉक्टरांकडे गर्दी असते, बोलायला थोडी मिनिटे मिळतात. "खूप दुखते" एवढेच सांगितले तर एवढीच चिठ्ठी मिळते. म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तीन महिने रोज चार गोष्टी लिहाव्यात : स्राव आहे की नाही, दुखणे शून्य ते दहापैकी किती, कोणती गोळी कधी घेतली आणि उपयोग झाला का, कोणते काम बुडाले. शौचाला-लघवीला दुखले तर वेगळी खूण. लिहिता-वाचता न येणारी बाई टिकल्या लावून हे करू शकते : दुखणे जास्त तर लाल टिकली, कमी तर हिरवी.

हा कागद घेऊन गेले की बोलणे बदलते. "गेल्या तीन महिन्यांत अकरा दिवस दुखणे सातच्या वर होते, चार दिवस कामाला गेले नाही, गोळीने दोन तास बरे वाटते" हे ऐकून कोणत्याही डॉक्टरांना पुढची तपासणी करावीशी वाटेल.

डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही आपल्या भागातील पालिकांची रुग्णालये. पुढे मुंबईत सायन, केईएम, कामा आहेत. स्त्रीरोग विभागाचे दिवस आणि वेळ आधी विचारून जावे, म्हणजे एक खाडा वाचतो.

जाताना हेही माहीत असावे. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरून करता येते, आतून तपासणी तिच्या संमतीशिवाय होत नाही. सोनोग्राफी 'नॉर्मल' आली म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाही असे ठरत नाही, कारण सुरुवातीचा आजार तिच्यात अनेकदा दिसत नाही. उपचारात संप्रेरकाच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, स्नायूंसाठी फिजिओथेरपी असे पर्याय असतात. संप्रेरकाच्या गोळीला 'कुटुंबनियोजनाची गोळी' म्हणून घाबरू नये. इथे ती दुखण्याचे औषध म्हणून दिलेली असते. आणि "लग्न करा, मूल होऊ द्या, बरे होईल" हा उपचार नव्हे.

पिशवी काढण्याआधी

"एकदाची पिशवी काढून टाकली की सुटले" असे म्हणणाऱ्या तिशीतल्या बाया भेटतात, तेव्हा आम्ही त्यांना बीडविषयी सांगतो.

ऊसतोडीला जोडीने जावे लागते. त्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस खाडा झाला की दंड बसतो. पाळी असो, कळ असो, फडातच राबायचे. पाणी नाही, आडोसा नाही. २०१९ मध्ये हा विषय पुढे आला, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. स्राव जातो, पोट दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारी तेव्हा पुढे आल्या. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने मार्गदर्शक सूचना केल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत लागू करण्याचे निर्देश राज्यांना दिले.

ऊसतोडीचा खाडा आणि कोपरच्या घरकामाचा खाडा यांत अंतर आहे, पण हिशेब एकच आहे. शरीर ऐकत नाही आणि मजुरी थांबता कामा नये, मग शरीराचाच भाग काढून टाकायचा. काही आजारांत गर्भाशय काढणे खरोखर गरजेचे असते, हे खरे. पण त्याबरोबर बीजकोशही काढले तर कमी वयात पाळी जाण्याचे त्रास आणि हाडांची झीज मागे लागते. एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाबाहेर असेल तर शस्त्रक्रियेनंतरही दुखणे राहू शकते. म्हणून तीन प्रश्न विचारावेत : आजाराचे नाव काय? औषधाने प्रयत्न करून झाला का? बीजकोश ठेवणार का? आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावेच.

खाड्याचे उत्तर

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतीची पगारी विश्रांती देणाऱ्या विधेयकाचे समर्थन केले. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून तिचा भार सरकारनेही उचलावा, आणि ज्याला तिच्या श्रमाचा फायदा होतो त्या मालकानेही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. बाईच्या शरीराचा खर्च एकट्या बाईने सोसायचा नाही, हे आपल्याला शंभर वर्षांपूर्वी सांगितले गेले आहे.

पाळीच्या रजेचा प्रश्न अजून मिटलेला नाही. बिहारमध्ये सरकारी सेवेतील स्त्रियांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस रजा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा धोरणाचा विषय असल्याचे म्हटले आणि सक्तीच्या रजेमुळे स्त्रियांना कामावर घेणेच टाळले जाईल, ही शंकाही बोलून दाखवली. पण आज हाती असलेले तरी वापरू. डोंबिवली एमआयडीसीतील कारखान्यात किंवा कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या आणि महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या बाईचा राज्य विमा (ईएसआय) कापला जात असेल, तर वर्गणीच्या अटी पूर्ण झाल्यावर प्रमाणित आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. ही योजना ज्या अहवालावर उभी आहे तो प्रा. अडारकरांचा अहवाल १९४४ चा, बाबासाहेब मजूरमंत्री असतानाचा. आपल्या पगारपत्रकावर कपात आहे का, कार्ड मिळाले का, हे आधी पाहावे.

घरकामगार बाईला यातले काही नाही. तिच्यासाठी वस्तीतल्या बायांनी बदलीची सोय करून पाहावी. चार-पाच जणींचा गट, एकीच्या कळेच्या दिवशी दुसरी तिचे मुख्य काम उरकते, पुढे ती फेड करते. मालकिणीशी महिन्याला दोन हक्काच्या सुट्ट्या ठरवतानाही पाच जणींनी एकत्र बोललेले वजनदार ठरते.

घराने आणि विहाराने काय करायचे?

संयुक्त निकायातील सल्लत्थ सुत्तात तथागत दोन बाणांचा दृष्टान्त देतात. शरीराची वेदना हा पहिला बाण, तिच्यामुळे मन जे शोक-संताप करते तो दुसरा. दुखणाऱ्या बाईला हे सांगून "मन घट्ट कर" असे म्हणणे सोपे आहे. आम्हाला वाटते, तिच्या बाबतीत दुसऱ्या बाणाला धार देणारे बहुधा आजूबाजूचेच असतात : "नाटक करते", "कामचुकार आहे", "आमच्या वेळी नव्हते". निदान ते तरी आपण थांबवू शकतो. आणि पहिल्या बाणावर औषध आहे, ते तिला मिळवून देऊ शकतो.

म्हणजे नेमके काय? नवऱ्याने आणि मुलग्यांनी त्या दोन दिवसांचे पाणी भरणे आणि स्वयंपाक आपल्याकडे घ्यावा. वडिलांनी मुलीबरोबर दवाखान्यात जावे. शाळेत मुलीला बसू द्या, गोळी घेऊ द्या, हे शिक्षकांना सांगायला आईबरोबर बापही असावा. वर्षावासात आपल्या विहारांत ग्रंथवाचनाला रोज बाया जमतात. त्यातली एक संध्याकाळ स्त्रीरोगतज्ज्ञांना बोलावून या विषयाला द्यावी, आणि त्या दिवशी पुरुषांनी बाहेर न जाता मागे बसून ऐकावे. विहाराच्या कपाटात एक शेकाची पिशवी, पॅड आणि जवळच्या रुग्णालयांच्या वेळा लिहिलेला कागद ठेवायला फार खर्च येत नाही.

आणि ज्या घरात आज कोणी पोट धरून बसली आहे, तिथे एवढेच करा : तिला विचारा, किती दुखते, कधीपासून दुखते. मग दिनदर्शिका खाली काढा आणि पहिली खूण तिच्याबरोबर बसून करा.

जय भीम.